जास्वंदीची बदली

बदलीची ऑर्डर हातात पडली की आपली कशी धावपळ उडते! गॅस ट्रान्सफर, नवा फ्लॅट, डिपॉझिट, वाय-फाय, पॅकर्सचं कोटेशन... यादी संपता संपत नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री लक्ष जातं ते बाल्कनीकडे. कुंड्यांचं काय करायचं? तुळस शेजारच्या काकूंकडे जाते, मनीप्लँट तर कुणीही आनंदानं ठेवून घेतं. जास्वंद मात्र आपण गाडीच्या मागच्या सीटवर उभी करतो, फांद्यांना जुनी ओढणी गुंडाळतो आणि सोबत नेतो. बाप्पाचं फूल म्हणून असेल, आजीनं लावलेली म्हणून असेल, पण तिला सोडून जाववत नाही.

नव्या गावात महिनाभर सगळं मस्त चालतं. मग पानं पिवळी पडायला लागतात. कळ्या उमलायच्या आधीच टपाटप गळतात. आणि आपण मोबाइल उघडून रील्स बघत बसतो. एक जण म्हणतो चहाचा चोथा घाला, दुसरी म्हणते अंड्याची टरफलं, तिसरा म्हणतो कांद्याच्या सालीचं पाणी. बिचाऱ्या जास्वंदीचा नुसता मिसळ-पाव होतो!

बॉस, एक साधा प्रश्न यातलं कुणीच विचारत नाही. तुमची कुंडी किंवा अंगण आहे कुठल्या गावात?

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. मधे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. कराड, पेठनाका, आष्टा, की आलीच सांगली. नदीसुद्धा एकच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला भेटून निघालेली कृष्णा, कराडला कोयनेला घेऊन, सांगलीला येते. दोन्ही घरी लाल देशी जास्वंद आहे, आणि सांगलीतल्या दोघींपैकी एक तर साताऱ्याच्याच झाडाची फांदी. म्हणजे लेकच. पण मायलेकींचे स्वभाव असे काही वेगळे, की आई साताऱ्यात जे करते ते सासूबाई सांगलीत करायला गेल्या तर झाड महिन्यात मान टाकेल.

कारण सगळं जमिनीत आहे. आमचं साताऱ्याचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. कुदळ मारली की खाली मुरूम. पाऊस पडला की पाणी झरझर खाली जातं, आणि जाताना खतही सोबत घेऊन जातं. तिथं झाड उपाशी राहतं, बुडत नाही. म्हणून आई पावसाळ्यात दर महिन्याला घमेलंभर कुजलेलं शेणखत देते. थोडं थोडं आणि वारंवार, हा तिचा फंडा. आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा जाड थर, नाहीतर मुरमातला ओलावा दुपारपर्यंत उडून जातो.

सांगलीत उलट. इथली काळी, भारी जमीन. पावसात फुगते, उन्हात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. एकदा पाणी धरलं की सोडत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. म्हणजे अंड्याची टरफलं घालणं म्हणजे उसाच्या फडात साखर पेरल्यासारखं आहे. चुना आधीच उदंड आहे हो! जास्वंदीला किंचित आम्ल माती आवडते, पीएच सहा ते सातच्या मधली. काळ्या, चुनखडीच्या मातीत तो त्याच्या बराच वर जातो. मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. बँकेत पैसे आहेत पण एटीएम बंद, तसं.

हे ओळखायचं कसं? पानांकडे बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या... हे लोह कमी पडल्याचं लक्षण. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील तर नत्र कमी, किंवा मुळाशी पाणी साचतंय. आणि एखादं-दुसरंच पान पिवळं होऊन गळत असेल तर टेन्शन घेऊ नका, ते पान रिटायर होतंय. जास्वंद बारमाही हिरवी असते म्हणजे पानं गळत नाहीत असं नाही. एकदम सगळी गळत नाहीत, एवढंच.

लोहासाठी आमच्याकडे सासूबाई हिराकस वापरतात. फेरस सल्फेट. कृषी सेवा केंद्रात स्वस्तात मिळतं. ते नुसतं मातीवर फेकलं तर आपल्या चुनखडीत पुन्हा अडकून बसतं, म्हणून त्या ते कुजलेल्या शेणखतात कालवून आठ दिवस मुरवतात आणि मग घालतात. कुंडी असेल तर सरळ चिलेटेड लोह आणा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या. चमचाभर जास्त घातल्यानं चमचाभर जास्त फुलं येत नाहीत!

या पट्ट्यातली अजून एक खास सवय सांगते. इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी ऊस लावतंच. त्यामुळे गावाहून येताना डिकीत उरलेल्या डीएपीची पिशवी असते, आणि ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून एक मूठ जास्वंदीला. डीएपीत ४६ टक्के फॉस्फेट असतं. जास्वंदीला फॉस्फरस लागतो अगदी थोडा, भूक असते ती पोटॅशची. फॉस्फरस जास्त झाला की लोह आणि जस्त उचलायला आणखी अडचण. झाड हिरवं धड राहत नाही, फुलं तर लांबच. हाडांच्या चुऱ्याचंही तेच. तेव्हा उसाचं उसाला राहू द्या.

आणि नर्सरीतून आणलेलं रोप? बहुतेक वेळा ते लाल मातीच्या किंवा कोकोपीटच्या गोळ्यात वाढलेलं असतं. तो गोळा तसाच्या तसा काळ्या मातीत बसवला की गंमत होते. बाहेरची माती चिंब, आत गोळा कोरडा ठणठणीत. वरून बोट घालून बघितलं तर ओलं लागतं, म्हणून आपण पाणी देत नाही, आणि झाड तहानेनं मरतं. लावताना गोळ्याच्या कडा हातानं हलक्या मोकळ्या करा. जमिनीत लावणार असाल तर आधी फूटभर खड्डा काढून त्यात बादलीभर पाणी ओता आणि दोन-तीन तासांनी जाऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथं खड्ड्यात लावूच नका. मुरूम आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करा आणि त्याच्यावर लावा. विश्रामबागेतल्या कित्येक बंगल्यांत हे केलेलं दिसतं. लोकांना वाटतं डेकोरेशन आहे. ते ड्रेनेज आहे.

ड्रेनेजवरून सांगलीकरांना वेगळंच काहीतरी आठवतं, हे मला लग्नानंतर कळलं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. गावभागातलं आमचं घर तेव्हा आठवडाभर पाण्यात. सासूबाई-सासरे विश्रामबागेत नातेवाइकांकडे. सासूबाई सांगतात, परत आल्यावर आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली, मग फ्रिज आडवा झालेला दिसला, आणि मग मागच्या दारी जास्वंद दिसली. उभीच होती. पानं सगळी लोंबलेली, पण हिरवी. “मला वाटलं वाचली,” त्या म्हणतात.

ती वाचली नाही. मुळांनाही श्वास लागतो. मातीतली सगळी हवा पाण्यानं ढकलून दिली की मुळं आतल्या आत कुजायला लागतात, आणि वरच्या फांद्यांना ते कळायला वेळ लागतो. त्यातून पूर ओसरल्यावर बारीक गाळाचा थर बसतो. वाळला की वरून सिमेंट केल्यासारखा. सासूबाईंनी घर साफ करायला घेतलं, अंगणाकडे बघायला पंधरा दिवस लागले. ज्यांच्या घरात चिखल आहे त्यांनी झाडाकडे आधी बघावं असं कोण म्हणेल? पण कुणाच्या मागच्या दारी अजून उभं झाड असेल तर पाणी ओसरल्यावर करण्यासारखं थोडंसं असतं. बुंध्याभोवतीचा गाळ खरवडून काढायचा, माती कुदळीच्या टोकानं हलकेच मोकळी करायची, लोंबलेल्या फांद्या निम्म्यावर आणायच्या, म्हणजे जेवढी मुळं शिल्लक आहेत त्यांच्यावर ओझं कमी. आणि खत बिलकूल नाही. नवी पालवी दिसेपर्यंत चिमूटभरही नाही. आजारी माणसाला बासुंदी देतो का आपण?

सासूबाईंची ती जास्वंद त्यांच्या आईच्या घरची होती. माहेरचं घर विकलं गेलं, आई गेली, राहिलं होतं ते हे झाड. देशी लाल जास्वंदीला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. तिचा वंश चालतो तो फांदीनं, आणि फांदी चालते मागणाऱ्यांच्या हातानं. त्यांना आठवलं की बऱ्याच वर्षांपूर्वी मिरजेच्या एका मावसबहिणीनं हळदीकुंकवाला आली असताना हक्कानं एक फांदी मोडून नेली होती. न विचारता! तेव्हा सासूबाईंना तिचा रागही आला होता. २०२० च्या पावसाळ्यात तिच्याच दारातून चार फांद्या परत आल्या. तीन सुकल्या, एक जगली. आता तिच्या शेजारी माझी साताऱ्याची उभी आहे. दोघी उंच वाफ्यावर.

आता छाटणी. इथं बहुतेकांचा हात थरथरतो. ‘कळ्या आहेत, कशी कापू?’ जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. जुनी फांदी नुसती लांब होत जाते आणि फूल कुठंतरी टोकाला, शिडी लावून काढावं लागतं असं. छाटलं नाही तर नवी फूट नाही, आणि नवी फूट नाही तर फुलं नाहीत. सांगलीत हे कुणाला पटवून द्यावं लागू नये खरं तर. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा बाग छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. माझे मामेसासरे तासगावचे. त्यांच्या मते कात्री चालवायला घाबरणाऱ्यानं प्लॅस्टिकची फुलं लावावीत!

जास्वंदीची मोठी छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी सरली की. फांद्यांचा तिसरा हिस्सा काढा, प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर. आणि गणपतीत फुलं हवी असतील तर डेडलाइनपासून उलटं मोजत या, ऑफिसात मोजतो तसं. छाटल्यापासून भरपूर कळ्या यायला दोन-अडीच महिने धरा. म्हणजे गणपतीच्या तेवढे आधी नुसते शेंडे खुडायचे. तरीही साताऱ्याकरांनी फार आशा ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, आणि जास्वंदीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कळ्या धरतात आणि गळतात. आई त्या दिवसांत कुंडीतली जास्वंद गच्चीवर नेऊन ठेवते, तेवढंच काय ते ऊन. सांगलीला साताऱ्याच्या मानानं पाऊस कमी आणि उघडीप जास्त. त्यामुळे एकवीस लाल फुलांचा हार सांगलीत घरच्या घरी होतो आणि साताऱ्यात आईला मंडईत जावं लागतं. यावरून दोन्ही विहिणींत दर वर्षी गोड शब्दांत जे बोलणं होतं ते इथं छापण्यासारखं नाही.

जाता जाता नोकरदारांसाठी एक. देशी जास्वंदीचं फूल एकच दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, पाण्यात ठेवलं तरी आणि नाही ठेवलं तरी. सकाळी साडेसातची बस पकडायची असेल तर आदल्या संध्याकाळी टपोरी, रंग दिसायला लागलेली कळी काढून ताटलीत ठेवा. सकाळी देवापुढे उमललेली असते. याचा दुसरा फायदा म्हणजे मॉर्निंग वॉकवाले काका. प्रत्येक कॉलनीत एक असतात. पायात स्पोर्ट्स शूज, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि कुंपणाबाहेर आलेली प्रत्येक फांदी ही सार्वजनिक मालमत्ता, अशी त्यांची ठाम समजूत. आमच्या गल्लीतले काका तर काठीला वाकडी तार लावून येतात.

काका परवडले. खरी व्हिलन पांढरी असते.

शेंड्यावर, कळ्यांच्या देठापाशी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, पानं आकसून मुठीसारखी होतात, फांदीवर मुंग्यांची ये-जा सुरू होते. मिलीबग. आपल्याकडे पिठ्या ढेकूण. बहुतेक जण हे ‘आपल्या घरचं’ झाडाचं दुखणं समजतात. सांगलीत ते तसं नाही, आणि म्हणून मी या कॉलममध्ये त्याच्यावर जरा जास्त बोलणार आहे. जास्वंदीवर जो गुलाबी मिलीबग येतो, ज्याच्या इंग्रजी नावातच जास्वंद आहे, तोच भारतातल्या द्राक्षबागांचा एक मोठा शत्रू आहे. घडात शिरतो, चिकट गोड स्राव सोडतो, त्याच्यावर काळी बुरशी चढते. असा घड टेबलावर ठेवायच्या लायकीचा राहत नाही. मामेसासरे हिवाळ्यात सकाळी बॅटरी घेऊन वेलींच्या खोडाची सैल साल काढत हिंडतात, कारण तो तिथं लपतो. एकेका वेलीची साल. एकरभर बागेत किती वेली असतात, तुम्हीच विचार करा.

या किड्याचा पसारा तर विचारू नका. १९९४ मध्ये तो कॅरेबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर सापडला आणि बघता बघता शेजारच्या बेटांवर पसरला. त्याच्याशी लढायला तिकडे भारतातून एक ढालकिडा नेला होता, क्रिप्टोलिमस नावाचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. म्हणजे याचीही बदलीच, आणि दोनदा! आपल्याकडे द्राक्षबागांतही तो सोडतात. मोठा किडा काळपट, डोकं नारिंगी. पण त्याची अळी दिसते पांढरी, लोकरीसारखी, अगदी मिलीबगचीच मोठी बहीण. फरक एवढाच की मिलीबग बसून राहतो आणि ही अळी चांगलीच लगबगीनं हिंडते, मिलीबग खात. फवारणी करायच्या आधी दोन मिनिटं झाडासमोर उभं राहा. पांढरं काही झपाझप चालत असेल तर पंप खाली ठेवा. ती तुमच्याकडे फुकट कामाला आलीय.

नसेल तर? तुमचे शेतकरी काका द्राक्षासाठी आणलेलं जहाल औषध द्यायला तयार असतील. घेऊ नका. एक-दोन झाडांना त्याची गरज नाही. त्यानं ढालकिडाही मरतो, आणि घरातली फुलं आपण हातानं खुडतो, मुलं तोंडात घालतात. आधी जास्त बाधलेले शेंडे कापा. मग पाइपला बोट लावून जोराची धार, पानांच्या खालच्या बाजूनं, चार दिवसांतून एकदा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, ऊन उतरल्यावर. आणि मुंग्यांचा बंदोबस्त, कारण गोड स्रावाच्या लोभानं त्या मिलीबगची राखण करतात. बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळली तरी बराच फरक पडतो.

कापलेले शेंडे मात्र कुंपणावरून पलीकडे टाकू नका, कचऱ्याच्या ढिगावर नको, कंपोस्टमध्ये तर मुळीच नको. पिशवीत घट्ट बांधा, दिवसभर कडक उन्हात ठेवा, मग घंटागाडीत. भेंडी, अंबाडी, कापूस हे सगळे जास्वंदीच्याच कुळातले, आणि मिलीबगला यांतलं काहीही चालतं. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या कडेला नव्या स्कीम उभ्या राहिल्यात तिथं कंपाउंडच्या पलीकडे लगेच कुणाची तरी बाग सुरू होते. आपल्या बाल्कनीतली रविवारची कंटाळवाणी साफसफाई म्हणजे पलीकडच्याचं वर्षाचं उत्पन्न असू शकतं. मामेसासरे दिवाळीला घरी आले की चहाच्या आधी मागच्या दारी जातात आणि दोन्ही जास्वंदींचे शेंडे उलटे करून बघतात. आधी मला त्याचं हसू यायचं.

राहिली फांदी लावायची गोष्ट. पाऊस नीट सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जून, अशी वीतभर फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून, बाकी सगळी काढा. कळी असेल तर तीही. अर्धी वाळू, अर्धं शेणखत अशा मिश्रणात दोन डोळे गाडले जातील इतकी खोचा, सावलीत ठेवा, आणि ‘मूळ फुटलं का’ म्हणून रोज उपटून बघू नका! महिना-दीड महिन्यात कळतं. एकाच्या ऐवजी चार लावा. चारही जगल्या तर तीन वाटा, शक्यतो तीन वेगळ्या गावांत.

सासूबाईंकडे यंदा आधीच पाच जणींनी नंबर लावलाय. सहावे काका आहेत. त्यांनी या वेळी तार न आणता बेल वाजवली, असं कळलं.